त्वचेच्या पुनर्निर्मितीसाठी विघटनशील पॉलिमरचे स्कॅफोल्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॅफोल्ड म्हणजे नेमके काय?

खोल जखमेच्या तळावर बसवण्यासाठी बनवलेला पॉलिमरचा, म्हणजे लांब साखळ्यांसारखे रेणू असलेल्या पदार्थाचा, सच्छिद्र, लवचीक थर म्हणजे स्कॅफोल्ड किंवा आधारजाळी. त्याची जाडी साधारणपणे एक ते दोन मिलिमीटर असते आणि आतील बहुतेक जागा पोकळ असते. जखमेच्या तळाशी असलेल्या जिवंत ऊतींमधून फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी आणि केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या या पोकळ्यांत शिरतात, तेथे रुग्णाचे स्वतःचे कोलाजेन, म्हणजे त्वचेला बळ देणारे तंतुमय प्रथिन, तयार होते, आणि तोवर मूळ पॉलिमर हळूहळू विघटित होऊन नाहीसा होतो. अखेरीस जो थर उरतो तो पूर्णपणे रुग्णाचा असतो. स्कॅफोल्ड स्वतः त्वचा बनत नाही, हे आरंभीच सांगणे आवश्यक आहे, कारण ‘कृत्रिम त्वचा’ या प्रचलित नावामुळे अनेकांचा तसा समज होतो.

त्वचा तर आपोआप भरून येते. मग आधार कशासाठी?

वरवरच्या जखमेच्या बाबतीत हे खरे आहे. बाह्यत्वचा हा वरचा थर शरीराच्या बहुतेक भागांवर जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि साधारण चार आठवड्यांत स्वतःला नव्याने घडवतो. तो खरवडला गेला तरी केसांच्या मुळांत आणि घर्मग्रंथींच्या नलिकांत उरलेल्या पेशी वाढून जखम झाकतात.

खालच्या थराची, म्हणजे अंतस्त्वचेची, गोष्ट वेगळी आहे. त्वचेची ताकद, लवचीकपणा, रक्तपुरवठा आणि संवेदना यांचा सारा भार या थरावर असतो, आणि प्रौढ माणसात तो एकदा पूर्ण जाडीने नष्ट झाला की परत उगवत नाही. शरीर ती पोकळी दोन मार्गांनी बुजवते : कडा आत ओढून जखम लहान करणे आणि उरलेल्या जागेत व्रणाची घट्ट ऊती भरणे. जीव वाचवण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, परंतु मानेवर, काखेत, कोपरावर किंवा बोटांच्या सांध्यांवर तिचे परिणाम रुग्णाला आयुष्यभर भोगावे लागतात. हनुवटी छातीकडे ओढली जाते, हात वर होत नाही, बोटे सरळ होत नाहीत. जखम आकसू न देता अंतस्त्वचेसारखी ऊती निर्माण करून घेणे हाच स्कॅफोल्डचा मुख्य उद्देश आहे.

मांडीची कातडी काढून लावतात, ते पुरेसे का नाही?

बहुतेक वेळा पुरेसे असते, आणि आजही खोल भाजलेल्या जखमेवरचा तोच प्रमुख उपचार आहे. त्वचारोपणासाठी काढलेला पापुद्रा सुमारे ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाड असतो. त्यात पूर्ण बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचेचा फक्त वरचा अंश येतो. त्यामुळे जखम झाकली जाते, पण खालचा गमावलेला थर भरून निघत नाही, आणि पुढे आकसण्याचा धोका राहतो. दुसरी अडचण अधिक साधी आहे. शरीराचा निम्म्याहून अधिक भाग जळालेल्या रुग्णाकडे काढण्यासारखी निरोगी कातडीच फार थोडी उरते. अशा वेळी जळालेला भाग लवकर कापून काढणे आणि त्यावर लगेच काहीतरी टिकाऊ आच्छादन घालणे या दोन्ही गोष्टी जीवनमरणाच्या ठरतात, कारण उघड्या जखमेतून पाणी, प्रथिने आणि उष्णता सतत निघून जाते व जंतूंना वाट मोकळी होते.

ही कल्पना कोठून आली?

अमेरिकेतील बॉस्टन परिसरातून. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील पॉलिमर वैज्ञानिक आयोआनिस यानास आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी १९७० च्या दशकात एकत्र काम सुरू केले. गाईच्या कातडीतील कोलाजेन आणि शार्कच्या कूर्चेपासून मिळणारे कॉन्ड्रॉइटिन सल्फेट यांपासून त्यांनी सच्छिद्र थर तयार केला आणि त्यावर सिलिकोनचा पातळ पडदा चढवला. सच्छिद्र थर अंतस्त्वचेच्या जागी राहायचा आणि सिलिकोन काही दिवस बाह्यत्वचेचे काम करायचा. गंभीर भाजलेल्या रुग्णांवरील त्यांचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘इंटेग्रा’ या नावाने या उत्पादनाला मान्यता दिली.

या इतिहासातील एक तपशील फारसा सांगितला जात नाही. यानास यांना आरंभी जखम लवकर बंद करणारे आच्छादन हवे होते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले ते नेमके उलट : त्यांच्या विशिष्ट थराखाली जखम आकसण्यास विलंब होत होता. हे अपयश म्हणून बाजूला टाकता आले असते. परंतु ज्या जखमा उशिरा आकसत होत्या त्यांच्या तळाशी व्रणाऐवजी अंतस्त्वचेसारखी ऊती तयार होत होती, आणि या क्षेत्राची पुढची सारी वाटचाल या निरीक्षणावर उभी राहिली.

कोणकोणते पॉलिमर वापरतात?

नैसर्गिक आणि संश्लेषित असे दोन गट पडतात. नैसर्गिक गटात कोलाजेन, त्यापासून मिळणारे जिलेटिन, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारे कायटोसान, समुद्री शेवाळातील अल्जिनेट आणि हायलुरोनिक आम्ल येतात. कोलाजेनसारख्या पदार्थांना पेशी लगेच चिकटतात, कारण त्यांना ओळखीच्या खुणा तेथे सापडतात. मात्र ओल्या अवस्थेत हे पदार्थ कमजोर असतात आणि प्रत्येक खेपेचा माल तंतोतंत सारखा मिळत नाही.

संश्लेषित गटात पॉलिलॅक्टिक आम्ल, पॉलिग्लायकोलिक आम्ल, या दोहोंचे सहपॉलिमर, पॉलिकॅप्रोलॅक्टोन आणि विघटनशील पॉलियुरेथेन ही प्रमुख नावे आहेत. यांची ताकद आणि विघटनाचा काळ कारखान्यात ठरवता येतो, पण पेशींना त्यांचा पृष्ठभाग परका असतो. म्हणून संशोधनात पॉलिकॅप्रोलॅक्टोनमध्ये जिलेटिन मिसळण्यासारख्या जोड्या वारंवार दिसतात.

पॉलिमर ‘विरघळतो’ म्हणजे शेवटी जातो कोठे?

साखर पाण्यात विरघळते तसा तो विरघळत नाही, त्याच्या साखळ्या तुटतात. पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकोलिक आम्लांच्या साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात, आणि शरीरातील पाणी हे बंध एकेक करून तोडते. शेवटी उरणारे लॅक्टिक आम्ल आपल्या स्नायूंतही रोज तयार होते. शरीर त्याचे नेहमीच्या चयापचयातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांत रूपांतर करते. शल्यचिकित्सकांना हे पदार्थ नवीन नाहीत. टाके घालण्याच्या विरघळणाऱ्या धाग्यांत ते अनेक दशके वापरात आहेत. नव्वद टक्के ग्लायकोलाइड आणि दहा टक्के लॅक्टाइड असलेला पॉलिग्लॅक्टिनचा धागा साधारण ५६ ते ७० दिवसांत पूर्ण शोषला जातो.

कोलाजेनचा मार्ग निराळा आहे. त्याला पाणी तोडत नाही, पेशींनी स्रवलेली कोलाजिनेज ही विकरे (एन्झाइम) तोडतात. हा फरक वाचकाने लक्षात ठेवावा, कारण जंतुसंसर्गाच्या प्रश्नात तो पुन्हा येणार आहे.

विघटनाचा वेग किती असावा?

आमच्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे. घराचा स्लॅब ओतल्यावर खालचे सेंटरिंग काँक्रीट पक्के होण्याआधी काढले तर स्लॅब कोसळतो, आणि वेळेत काढलेच नाही तर खोली वापरता येत नाही. स्कॅफोल्डचेही तसेच आहे.

फार लवकर तुटणारा थर पेशी आत शिरण्याआधीच चिकट द्रव होऊन जातो आणि जखम नेहमीप्रमाणे आकसते. फार काळ टिकणारा थर शरीराला परकी वस्तू वाटू लागतो. त्याभोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी आणि बहुकेंद्रकी महापेशी गोळा होतात, दाह लांबतो, आणि लांबलेला दाह जाड व्रणाला आमंत्रण देतो. यानास यांच्या कोलाजेन थराचे अर्धे विघटन होण्यास साधारण दोन आठवडे लागावेत असा हिशेब धरलेला होता, आणि त्यासाठी कोलाजेनच्या तंतूंना ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने आडवे बंध घालून ते आवश्यक तेवढे चिवट केले जात. त्या तुलनेत समसमान प्रमाणातील लॅक्टिक-ग्लायकोलिक सहपॉलिमर एक-दोन महिन्यांत तुटतो, तर पॉलिकॅप्रोलॅक्टोनला दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणूनच ‘आमचा पॉलिमर विघटनशील आहे’ एवढ्या विधानातून काहीच कळत नाही. किती दिवसांत, कोणत्या जाडीत आणि कशामुळे, हे विचारले पाहिजे.

यात आणखी एक खाच आहे. विघटनातून निघणारे आम्ल जाड, भरीव तुकड्याच्या आत साठून राहिले तर ते उरलेले बंध आणखी वेगाने तोडते, आणि तुकडा बाहेरून धड दिसत असताना आतून पोकळ होतो. त्वचेसाठीचे थर पातळ आणि सच्छिद्र असल्याने जखमेतील द्रव हे आम्ल बऱ्याच अंशी धुऊन नेतो, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट.

छिद्रांचा आकार एवढा महत्त्वाचा का मानतात?

छिद्रे फार लहान असतील तर पेशी आत जाऊ शकत नाहीत. फार मोठी असतील तर चिकटण्यासाठी भिंतींचे एकूण क्षेत्रफळ कमी पडते. यानास यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवले की २० ते १२५ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाची छिद्रे असलेला थर जखमेचे आकसणे लांबवतो आणि या मर्यादेबाहेर तो परिणाम दिसत नाही. हा आकडा त्या विशिष्ट कोलाजेन थराचा आहे. तो प्रत्येक पॉलिमरला जसाच्या तसा लावू नये. याशिवाय छिद्रे एकमेकांना जोडलेली असणे आवश्यक असते, कारण रक्तवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रोमीटरहून दूर असलेल्या पेशीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही.

हे थर बनवतात कसे?

कोलाजेनसाठी गोठवून सुकवण्याची पद्धत रूढ आहे. पातळ मिश्रण गोठवले की त्यात बर्फाचे स्फटिक तयार होतात, निर्वातात ते थेट वाफ होऊन निघून जातात आणि त्यांच्या जागी छिद्रे उरतात. गोठवण्याचा वेग बदलला की छिद्रांचा आकार बदलतो.

इलेक्ट्रोस्पिनिंग या दुसऱ्या पद्धतीत सुईतून निघणाऱ्या पॉलिमरच्या द्रावणाला दहा-वीस हजार व्होल्टचा दाब देतात, त्यामुळे मायक्रोमीटरहूनही बारीक तंतूंची चटई जमते. ती छायाचित्रात अतिशय देखणी दिसते आणि शोधनिबंधांत तिचा सुळसुळाट आहे. पण तंतू जितके बारीक तितकी त्यांतील फट लहान, त्यामुळे पेशी पुष्कळदा वरच पसरतात आणि आत उतरत नाहीत. पॉलियुरेथेनचा फेस तयार करणे आणि त्रिमितीय छपाई हे आणखी दोन मार्ग आहेत.

प्रत्यक्ष रुग्णावर उपचार कोणत्या क्रमाने होतो?

प्रथम मृत ऊती पूर्णपणे कापून काढतात आणि रक्तस्राव काटेकोरपणे थांबवतात, कारण थराखाली रक्त साचले तर तो तळाला चिकटत नाही. मग थर जखमेच्या मापाने कापून टाके किंवा स्टेपलने बसवतात. पुढचे दोन-तीन आठवडे, काही उत्पादनांत त्याहून अधिक काळ, रक्तवाहिन्या आत येण्याची वाट पाहावी लागते. थराचा रंग बदलत जातो आणि दाबल्यावर फिका पडून पुन्हा भरतो, यावरून रक्तपुरवठा सुरू झाल्याचे कळते. त्यानंतर वरचा संरक्षक पडदा सोलून काढतात आणि रुग्णाच्याच कातडीचा अतिशय पातळ पापुद्रा लावतात.

म्हणजे दोन शस्त्रक्रिया आल्या. फायदा असा की पापुद्रा पातळ असल्याने तो जिथून काढला ती जागा लवकर भरते आणि काही दिवसांनी तेथूनच पुन्हा कातडी घेता येते. कोलाजेन आणि इलॅस्टिनपासून बनलेल्या काही पातळ थरांवर पापुद्रा त्याच वेळी लावून एका शस्त्रक्रियेत काम भागवता येते.

थरावर आधीच पेशी वाढवून का लावत नाहीत?

तशी उत्पादने आहेत. पॉलिग्लॅक्टिनच्या जाळीवर नवजात बालकांच्या त्वचेतील फायब्रोब्लास्ट वाढवलेल्या ‘डर्माग्राफ्ट’ला अमेरिकेत २००१ मध्ये मधुमेहींच्या पायावरील जखमांसाठी मान्यता मिळाली, आणि कोलाजेनवर दोन प्रकारच्या पेशी असलेल्या ‘अ‍ॅप्लिग्राफ’ला त्याआधी १९९८ मध्ये शिरांच्या विकाराने होणाऱ्या व्रणांसाठी मिळाली. परक्या पेशी कायम टिकत नाहीत. त्या काही काळ वाढीस पोषक द्रव्ये स्रवतात आणि जखमेला चालना देतात. जिवंत माल असल्याने साठवण, वाहतूक आणि किंमत या तिन्ही बाबी अवघड होतात. रुग्णाच्या स्वतःच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवता येतात, हे राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये दाखवले, पण ते पापुद्रे तयार व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो आणि ते फार नाजूक असतात. खाली अंतस्त्वचेचा आधार नसेल तर पुष्कळदा गळून पडतात.

गाय, डुक्कर किंवा मासा यांच्यापासून बनलेले पदार्थ नको असल्यास पर्याय आहे का?

आहे, आणि हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. कोलाजेनची अनेक उत्पादने गाय किंवा डुकराच्या ऊतींपासून मिळतात. संमतिपत्रावर सही करण्याआधी स्रोत विचारणे हा रुग्णाचा अधिकार आहे. पूर्णपणे संश्लेषित पर्यायांत मेलबर्नच्या पॉलिनोव्हो कंपनीचा ‘नोव्होसॉर्ब बीटीएम’ हा पॉलियुरेथेनचा दोन मिलिमीटर जाडीचा थर ठळक आहे. अ‍ॅडलेडमधील शल्यचिकित्सक जॉन ग्रीनवुड यांनी त्याच्या वापराची पद्धत विकसित केली. तो साधारण दीड वर्षात शरीरातून नाहीसा होतो.

जखमेत जंतुसंसर्ग झाला तर?

या उपचारातील ही सर्वांत मोठी भीती आहे. रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत थर निर्जीव असतो, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी आणि शिरेतून दिलेली प्रतिजैविके तेथे नीट पोहोचत नाहीत. पडद्याखाली पू साचला तर तेवढा भाग कापून काढावा लागतो. आता वरचा विकरांचा मुद्दा येथे लागू होतो : संसर्ग झालेल्या जखमेत कोलाजिनेजचे प्रमाण वाढते आणि कोलाजेनचा थर काही दिवसांत वितळून जाऊ शकतो, तर पाण्याने तुटणाऱ्या पॉलियुरेथेनवर या विकरांचा तसा परिणाम होत नाही. म्हणून संसर्ग साफ करून तोच थर टिकवण्याची शक्यता संश्लेषित प्रकारात अधिक असते.

उंदरांवर यशस्वी झालेले एवढे शोध रुग्णालयात का दिसत नाहीत?

खर्च आणि परवानग्या ही कारणे आहेतच, पण मूळ कारण उंदराच्या कातडीत आहे. ती सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळे उंदराची जखम मुख्यतः आकसून, आणि तीही काही न लावताच, दोनेक आठवड्यांत बंद होते. तेव्हा ‘चौदाव्या दिवशी जखम पंचाण्णव टक्के बंद झाली’ अशा धर्तीच्या वाक्यातून स्कॅफोल्डचे श्रेय किती, हे ठरत नाही. उलट, ज्या आकसण्याला रोखायचे तेच यश म्हणून मोजले जाण्याचा धोका राहतो. जखमेच्या कडेला सिलिकोनचे कडे शिवून आकसणे रोखले होते का, किंवा प्रयोग डुकरावर झाला होता का, हे वाचकाने आधी पाहावे. डुकराची त्वचा माणसाच्या त्वचेप्रमाणे खालच्या ऊतींना घट्ट धरलेली असते.

नव्या त्वचेवर केस येतात का? घाम येतो का?

नाही. आज उपलब्ध असलेल्या कोणत्याही स्कॅफोल्डमुळे केसांची मुळे, घर्मग्रंथी किंवा तैलग्रंथी परत येत नाहीत. मोठ्या क्षेत्रावर उपचार झालेल्या व्यक्तीला त्यामुळे उन्हाळ्यात खरोखर त्रास होतो. संवेदना काही प्रमाणात परततात, रंग बहुधा जुळत नाही.

भाजलेल्या प्रत्येक रुग्णाला याची गरज असते का?

मुळीच नाही. अंतस्त्वचेचा खालचा भाग शाबूत असलेली जखम योग्य आच्छादनाखाली दोन-तीन आठवड्यांत भरते. तिला ओल टिकवणारे आणि काढताना न चिकटणारे काहीतरी हवे असते. लॅक्टाइडवर आधारित ‘सुप्राथेल’ हा जर्मन पडदा यासाठीच आहे. महागड्या पदार्थांच्या या चर्चेत मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मनोहर केसवानी यांची आठवण काढणे उचित ठरेल. त्यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरून ती उपयुक्त असल्याचे प्रसिद्ध केले होते. त्या साली निर्जंतुक करून पट्टीवर बसवलेल्या असत, त्यामुळे हा प्रयोग कोणी स्वयंपाकघरात करू नये. घरी करण्याजोगे एकच : वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली भाग धरणे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये.

महाराष्ट्रात आणि भारतात काय उपलब्ध आहे?

मोठ्या शहरांतील प्लॅस्टिक सर्जरी विभागांत आयात केलेले थर मिळतात, पण किंमत क्षेत्रफळावर ठरत असल्याने मोठ्या जखमेचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून आपल्याकडे त्यांचा वापर पुष्कळदा मान, हात, उघडे पडलेले हाड किंवा स्नायुबंध अशा निवडक जागांपुरता केला जातो, आणि हा निर्णय योग्यच आहे. देशी प्रयत्नांत तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयातील पेशींबाहेरच्या आधारजाळीपासून विकसित केलेले ‘कोलेडर्म’ उल्लेखनीय आहे. त्याला २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली.

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णासाठी दान केलेली त्वचा हा अधिक परवडणारा तात्पुरता आधार आहे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय आणि पाठ येथून पातळ पापुद्रा काढला जातो, ग्लिसरॉलमध्ये तो अनेक वर्षे टिकतो, आणि त्यामुळे देह विद्रूप होत नाही. शरीर ही परकी त्वचा काही आठवड्यांत नाकारते, पण तेवढा अवधीही पुष्कळदा पुरतो.

उपचारानंतर किती काळ काळजी घ्यावी लागते?

किमान एक ते दोन वर्षे. दाब देणारे कपडे, सिलिकोनची पट्टी आणि सांध्यांचे रोजचे व्यायाम हे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावे लागतात. तैलग्रंथी नसल्याने त्वचा कोरडी पडते, म्हणून दिवसातून अनेकदा मऊपणा देणारे मलम चोळावे आणि कडक ऊन टाळावे. लहान मुलांच्या बाबतीत पाठपुरावा वाढ पूर्ण होईपर्यंत हवा, कारण हाडे वाढतात त्या गतीने रोपण केलेली त्वचा वाढतेच असे नाही, आणि एखादा सांधा पुन्हा आखडू लागला तर तो लवकर सोडवणे सोपे जाते.